सोलापूरची चाटी गल्ली : आईसाठी इरकल, घरासाठी चादरी

प्रश्न :
नमस्कार. पुढील महिन्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन एका दिवसासाठी पुण्याहून सोलापूरला जाणार आहे. तिच्या लग्नातील लुगडी चाटी गल्लीतूनच आली होती आणि आता आणखी एक नऊवारी इरकल तिथूनच घ्यावी, असा तिचा हट्ट आहे. मला चार चादरी हव्या आहेत, परंतु मागे प्रवासाच्या घाईत ‘सोलापुरी’ म्हणून घेतलेल्या चादरीने तिसऱ्याच धुण्यात गोळे धरले, त्यामुळे भीती वाटते. दोन्ही खरेदी एकाच गल्लीत करावी का, आणि खरा माल ओळखावा कसा?

प्रतिसाद १ (माहेर सोलापूर) :
आईंचा हट्ट योग्य आहे. चाटी या जुन्या मराठी शब्दाचा अर्थच कापडविक्या असा आहे. रिक्षाने मधल्या मारुतीपर्यंत जावे आणि पुढे सावकाश पायी चालावे, कारण गल्ली अरुंद असून गर्दीत गाडी घालणे हा स्वतःला आणि इतरांना दिलेला त्रास आहे.

इरकल हे नाव कर्नाटकातील इळकल गावाचे. अस्सल हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा (लांबीचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात व ते मागावर फासे घालून एकमेकांत अडकवले जातात. म्हणून दुकानदाराने घडी उलगडली की नक्षीवर भाळण्याआधी, जिथे अंगाचा रंग संपून लाल पदर सुरू होतो, त्या रेषेवरून बोट फिरवा. फाशांची ती ओळ बोटाला लागते. नुसत्या छपाईने किंवा एकाच ताण्यावर काढलेल्या नकलेत ती नसते. आईंना हे तुमच्यापेक्षा लवकर कळेल. नऊवारी असेल तर लांबी समोर मोजून घ्यावी, आणि सोबतीला खण घेणार असाल तर लुगड्याचा रंग उजेडात, दुकानाच्या दाराशी नेऊन जुळवावा, कारण आतल्या दिव्याखाली जांभळा आणि वांगी रंग सारखेच दिसतात.

प्रतिसाद २ (यंत्रमाग कुटुंबातील) :
चादरींसाठी मात्र माझे मत वेगळे आहे. चाटी गल्लीतही त्या मिळतील, पण त्या विणल्या जातात शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत. वेळ असेल तर तिथल्या कारखान्यांच्या विक्री दुकानांत जावे. आमच्या पद्मशाली समाजातील पूर्वज तेलुगू मुलखातून हातमागाच्या कामासाठी येथे आले. पुढे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीसारख्या गिरण्या आल्या आणि गेल्या, पण घरोघरचा खडखडाट अजून अनेक गल्ल्यांत ऐकू येतो.

सोलापुरी चादर जकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी काढणाऱ्या यंत्रणेच्या मागावर, विणली जाते, त्यामुळे नक्षी छापलेली नसून विणीतच असते. चादर उलटी करून पाहा. पुढे मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाचा मोर दिसला पाहिजे. कडेचा एखादा सुटा धागा मागून घेऊन जाळावा : सुती धागा कागदासारख्या वासाने जळून राख होतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. तुमच्या गोळे धरलेल्या चादरीत बहुधा असाच मिश्र धागा असावा. सोलापुरी चादर हे भौगोलिक मानांकन मिळालेले महाराष्ट्रातील पहिले उत्पादन आहे, टेरी टॉवेललाही ते मिळाले आहे. तरीही केवळ लेबलावर न विसंबता चादर हातात घेऊन तिचे वजन पाहावे. पहिल्या धुण्यात गडद रंग थोडा सुटतो, म्हणून ती वेगळी, थंड पाण्यात धुवावी.

प्रतिसाद ३ :
वरील सर्व मान्य, परंतु वयोवृद्ध आईंसोबत एका दिवसात दोन्ही टोके गाठण्याचा अट्टहास करू नका. सकाळी गल्लीत गर्दी कमी असताना इरकल घ्यावी, दुपारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन विश्रांती घ्यावी, आणि चादरींसाठी ऊन उतरल्यावर पूर्व भागाकडे निघावे. मकरसंक्रांतीच्या सुमारास, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत जाणार असाल, तर केवळ खरेदीचा बेत रद्द करा; त्या दिवसांत शहर यात्रेकरूंचे असते.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे आभार. आज आईने ट्रंकेतून तिचे जुने लुगडे काढले आणि डोळे मिटून पदराच्या सुरुवातीची ती ओळ मला बोटाने दाखवली. तेच लुगडे नमुना म्हणून पिशवीत घालून सोबत आणणार आहोत.