हेइकिनपाइवाचे खेळ: विपुकेल्का कसा उभारायचा?

प्रश्न (गोठलेला_तलाव):
मिशिगनच्या हँकॉक गावात फिनिश वंशाचे लोक जानेवारीत हेइकिनपाइवा साजरा करतात. तिथला विपुकेल्का, म्हणजे आडव्या वाशाच्या टोकाला बांधून गरगर फिरवायची घसरगाडी, मुलांसाठी आमच्या तळ्यावर करायची आहे. मापं हवीत. बायको खांद्यावर घेऊन पळायची शर्यतही ठेवायची आहे. जोडपं नवरा-बायकोचंच लागतं का?

प्रतिसाद १ (वासा_आणि_खुंटा):
आपल्या तेलघाण्यात बैल लांब टोकाला असतो, इथे ढकलणारा आखूड टोकाला. वासा ६ मीटर घ्या. वासा ज्यावर फिरतो त्या खुंट्यापासून घसरगाडीकडे ४.५ मीटर, ढकलणाऱ्याकडे १.५. म्हणजे गाडीचा वेग तिप्पट. माणूस सेकंदाला १.५ मीटर चालला तर गाडी ४.५ मीटरने जाते आणि मुलाला बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा असतो. तोच माणूस दुप्पट वेगाने पळाला की जोर चौपट होतो, मूल हातची पकड सोडतं. मुलं बसलेली असताना फक्त चालायचं, हे आधीच बजावा.

खुंटा मनगटापेक्षा चांगला जाड, बर्फाच्या वर ७०-८० सेंमी. गुडघाभर पाण्याच्या जागी बर्फाला भोक पाडून तो तळात टेकवा, भोवती बर्फ-पाण्याचा चिखल भरा आणि कडक थंडीच्या दोन रात्री जाऊ द्या. खुंट्याच्या डोक्यावर लोखंडी कांब उभी ठोका. वाशाचं भोक कांबेपेक्षा थोडं मोठं हवं, नाहीतर वासा वर-खाली हलत नाही आणि गाडी उचलली जाते.

गाडी नुसत्या दोराने बांधू नका, ती मागे पडते आणि मग हिसका बसतो. वाशाला घट्ट आवळा, गाडीखालच्या घसरपट्ट्या वाशाशी बरोबर काटकोनात. तिरक्या बसल्या तर गाडी आडवी घासत जाऊन उलटते. ढकलणाऱ्यांचे पाय घसरतात म्हणून खुंट्यापासून २ मीटरपर्यंत राख किंवा वाळू टाका, पण गाडीच्या वाटेवर कणही नको. प्रेक्षकांसाठी दोर केंद्रापासून १० मीटरवर लावा.

बर्फ मोजल्याशिवाय काही करू नका. स्वच्छ, काळपट बर्फ १० सेंमी असेल तर एखाददुसरा माणूस चालू शकतो, गर्दीसाठी त्याच्या दुप्पट तरी हवा. पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मीच धरा.

प्रतिसाद २ (सोन्कायार्वी_प्रेमी):
लग्नाची अट नाही. फिनलंडच्या सोन्कायार्वीत १९९२ पासून चालणाऱ्या स्पर्धेच्या नियमात शेजाऱ्याची बायकोही चालते! बाईचं वय १७ पूर्ण, वजन किमान ४९ किलो. कमी पडलं तर पाठपिशवीत भार घालून भरून काढतात. वाट २५३.५ मीटर, दोन कोरडे अडथळे आणि एक साधारण मीटरभर खोल पाण्याचा.

तुम्हाला बर्फावर एवढी लांबी नको, ४० मीटर खूप झाले. वरचा भुसभुशीत बर्फ आदल्या संध्याकाळी तुडवून ठेवा. एस्टोनियन पकडीत बाई पाठीवर उलटी लटकते, मांड्या गळ्याभोवती आणि हात त्याच्या कमरेला. पकड जलद आहे, पण घसरलात तर तिचं डोकं आधी आपटतं. नवख्यांना साधी पाठकुळी द्या. हेल्मेट दोन्हीत हवंच.

प्रतिसाद ३ (अस्वलाची_कूस):
सणाचा दिवस संत हेन्रिकचा, १९ जानेवारी. या दिवशी अस्वल गुहेत कूस बदलतं, अर्धा हिवाळा सरला, असं फिनिश लोक म्हणतात. गोठ्यातलं निम्मं गवत तरी शिल्लक हवं, हा जुना हिशेबही त्याच दिवसाचा. खेळाआधी मुलांना हे जरूर सांगा.

गोठलेला_तलाव:
बर्फ २४ सेंमी भरला, वरचे ६ पांढरे. म्हणजे २१ धरायचे ना?

वासा_आणि_खुंटा:
बरोबर. पण खुंट्याजवळ आणि काठालगत वेगळी भोकं पाडून पुन्हा मोजा, तिथे तो पातळ असू शकतो.