‘नवीन भुंगेऱ्याचं वर्णन केलं’ – यातलं ‘वर्णन’ म्हणजे नक्की काय?

एका लेखाचं मराठी करतेय, डोंगरात उंचावर राहणाऱ्या रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्याची नवीन प्रजाती असा विषय आहे आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीय. मुळात ‘डिस्क्राइब्ड’ आहे. मी आपलं सरळ ‘शास्त्रज्ञांनी नवीन प्रजातीचं वर्णन केलं’ लिहिलं आणि वाचून बघितलं तर शाळेतल्या निबंधासारखं वाटायला लागलं, म्हणजे कुणीतरी त्या किड्यासमोर बसून किती बाई काळाभोर, किती बाई चकचकीत असं करतंय. मग खोडून ‘शोध लावला’ केलं. तर चौथ्या परिच्छेदात येतं की नमुने कित्येक वर्षांपूर्वीच गोळा झाले होते! मग शोध कधी लागला म्हणायचा? शिवाय रोव्ह बीटलला मराठीत काय म्हणू, आणि ‘माउंटन-ड्वेलिंग’ला पर्वतवासी केलं की डोळ्यांपुढे जटावाला ऋषी येतो त्याचं काय करू तेही सांगा.

*

‘शोध लावला’ आधी काढा. शोध वाफेच्या इंजिनाचा लावतात, किडा काय आधीपासून तिथेच होता, तो सापडला. पण तुमच्या वाक्यात सापडल्याचीही गोष्ट नाहीये. वर्गीकरण करणाऱ्या मंडळींच्या भाषेत डिस्क्राइब करणं म्हणजे नमुना जवळच्या जातींशी ताडून बघणं, कशात वेगळा आहे ते लिहिणं, लॅटिन वळणाचं नाव देणं, एक नमुना त्या नावाचा कायमचा धनी म्हणून नेमणं (तोच होलोटाइप) आणि हे सगळं छापून आणणं. छापलं नाही तोवर नाव नाही, मग तुमच्या ड्रॉवरमध्ये तो किडा पन्नास वर्षं पडलेला का असेना.

आणि पडून असतातच. खुद्द डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथे एक रोव्ह बीटल पकडला होता, तो लंडनच्या म्युझियममध्ये गेला, हरवला, सापडला, आणि त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव मिळालं २०१४ मध्ये. १८२ वर्षांनी! आता सांगा, शोध कुणी लावला? डार्विनच्या हातात होता तो, पण वर्णन दुसऱ्याने केलं. हे टोकाचं उदाहरण झालं, पण नमुना गोळा होण्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात होतं. तर तुमच्या लेखातला उशीर अगदीच घरगुती म्हणायचा.

*

मग ‘नाव ठेवलं’ म्हणा की सरळ. फक्त अनुस्वार सांभाळा, नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं 😄 तसे वर्गीकरणवाले दोन्ही करतात म्हणा, आज एकाने नाव ठेवायचं, वीस वर्षांनी दुसऱ्याने येऊन सांगायचं की हा तर जुनाच आहे, तुमचं नाव बाद.

*

नाव ठेवलं पुरणार नाही, कारण नुसतं नाव ठेवून चालतच नाही ना. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि त्यात नावासोबत वेगळेपणाचं वर्णन लागतंच, ते नसेल तर ते नाव धरतच नाहीत. मला ‘वर्णन करून नाव दिलं’ हे बरं वाटतं, दोन शब्द जास्त गेले तरी.

जाता जाता, प्रजाती की जाती तेही एकदा ठरवा. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. बातम्यांमध्ये मात्र सर्रास स्पीशीजला प्रजाती, बहुधा हिंदीवरून आलं असावं. जात शब्दाला लोक बिचकतात हे कळतं, पण मग एकाच लेखात ‘या प्रजातीत अनेक प्रजाती आहेत’ अशी वाक्यं येतात आणि वाचणारा डोकं धरतो. मी स्पीशीजला जाती आणि जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, वंश वापरते.

*

रोव्ह बीटलबद्दल: रोव्ह म्हणजे भटकणं, तर ‘भटका भुंगेरा’ होतं, ऐकायला झकास आहे पण त्यातून किडा दिसत नाही. जर्मन लोक याला कुर्त्सफ्ल्यूगलर म्हणतात, शब्दशः आखूडपंखी. तिथेही गोम आहे. आखूड असते ती वरची कडक पंखांची जोडी, म्हणजे ढाल (भुंगेऱ्यांच्या गणाला आपल्याकडे ढालपंखी म्हणतातच). उडायचे खरे पंख चांगले लांब असतात, ते घडी घालून त्या एवढ्याशा ढालींखाली कोंबलेले. भिंगातून कधी बघा, उडून खाली उतरला की हा शेपटाकडचा भाग वर वळवून त्याने पंख आत ढकलत बसतो, भरलेली बॅग गुडघ्याने दाबून बंद करतो ना आपण तसं. म्हणून ‘तोकड्या ढालींचा भुंगेरा’ म्हणा. तोकडा शब्द इथे चपखल बसतो, कारण अर्ध्याहून जास्त पोट उघडंच असतं. या कुळात साठ हजारांवर जाती आहेत, एवढ्या मोठ्या घराण्याला मराठीत धड नाव नसावं म्हणजे कमाल आहे.

*

तोकड्या ढालींना माझं मत, पण तुमचा डोंगरातला आहे ना? मग पंखांचं वाक्य जपून लिहा. उंचावरच्या कितीतरी जातींना मागचे पंख उरलेलेच नसतात, असले तरी नुसते खुंट. पालापाचोळ्यात आणि शेवाळात आयुष्य काढायचं तर पंख कशाला? त्या जातींच्या ढाली आणखी तोकड्या होतात, खांदे उतरते होतात, आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे पोटाच्या सातव्या पाठपट्टीच्या (पाठीकडच्या कडक पट्टीच्या) मागच्या कडेला उडणाऱ्या जातींना जी बारीक पांढुरकी झालर असते ती गायब होते. वर्णनात हमखास असतं हे, ‘झालर आहे’ किंवा ‘झालर नाही’, एवढंच वाक्य, पण त्यावरून कळतं गडी उडतो की नाही. आणि उडता येत नाही म्हणून एका डोंगराचा किडा शेजारच्या डोंगरावर जात नाही, मग तिथली जात वेगळी. याला प्रदेशनिष्ठ हा शब्द आहे मराठीत, तो जरूर वापरा.

पर्वतवासी नको हे बरोबर. पण गंमत बघा, लॅटिनमध्ये लोक बिनदिक्कत मॉन्टिकोला असं नाव देतात, त्याचा अर्थ हाच, डोंगरात राहणारा. मॉन्टॅनस म्हटलं तर ते विशेषण, मग वंशाच्या लिंगाप्रमाणे मॉन्टॅना, मॉन्टॅनम असं बदलावं लागतं. मॉन्टिकोला मात्र कुठल्याही वंशाच्या नावाशेजारी तसाच बसतो.

*

सगळ्यांचे आभार, असं केलंय: ‘उंच डोंगरांत राहणाऱ्या, तोकड्या ढालींच्या भुंगेऱ्याच्या एका नव्या जातीचं शास्त्रज्ञांनी वर्णन करून तिला नाव दिलं आहे.’ चालेल?

*

चालेल, पण ‘राहणाऱ्या’, ‘ढालींच्या’, ‘भुंगेऱ्याच्या’, ‘जातीचं’ अशी आगगाडी झालीय. दोन वाक्यं करा. आणि उंच डोंगर नाही हो, डोंगरात उंचावर. डोंगर उंच असला तरी किडा पायथ्याशी असू शकतो.