घरातला उद्योग आणि मागे राहिलेलं स्वप्न : तुमचा अनुभव लिहा

घरून स्वतःचं काही सुरू करायचं आहे, पण कशासाठी हे नीट सांगता येत नाही, असं बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं. भांडवल, जागा, गिऱ्हाईक यांवर आपण भरपूर बोलतो. या प्रश्नावर मात्र गप्प होतो, कारण त्याचं उत्तर फार खाजगी असतं. म्हणून हा धागा.

मी घरून उपशीर्षकांचं (सबटायटल्सचं) काम करते. माझं मत असं, की ‘चार पैसे हाताशी असावेत’ हे कारण काम सुरू करायला पुरतं. पुढे एखादं मोठं गिऱ्हाईक तुटतं, घरच्यांचा सुरुवातीचा उत्साह ओसरतो, तेव्हा ते पुरत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती कधीकाळी मनापासून वाटलेली आणि संसाराच्या धबडग्यात बाजूला पडलेली एखादी इच्छा. ती होती तशी परत येत नाही, रूप बदलून येते. तुमच्याकडे कोणत्या रूपात आली, तुम्ही ती कशी ओळखलीत, आणि रोजच्या कामात तिचा नेमका काय उपयोग झाला, एवढं लिहा. काम जोरात चालू असो, अडलेलं असो की बंद पडलेलं असो, सगळं चालेल. फक्त ‘जिद्द असली की होतं’ यावर थांबू नका, वाचणाऱ्याच्या हाताला लागेल असं काहीतरी द्या.

शिवणकाम

शाळेत असल्यापासून मला नाटकाच्या कपडेपटात काम करायचं होतं. ते झालं नाही. घरी मशीन होतं म्हणून उंची कमी कर, चेन बदल, उसवलेलं शिवून दे, अशी कामं घेत राहिले. पैसे मिळत, पण मशीनवर बसायचा कंटाळा येई.

सासूबाईंना संधिवात झाला आणि त्यांना बटण काजातून जाईना. दोन बोटांत बटण धरायचं, अंगठ्याने ढकलायचं, ते निसटायचं. चार बटणांना इतका वेळ लागे की शेवटी त्या म्हणाल्या, ‘राहू दे, मी आज बाहेर येतच नाही.’ त्या वेळी मला कपडेपट आठवला. दोन प्रवेशांच्या मध्ये नटाला अंधारात झटकन कपडे बदलायचे असतात. मग काय करतात, तर वरून बटणं दिसतात आणि आत टिचबटणं किंवा वेल्क्रो असतं. मी त्यांच्या ब्लाउजची काजं शिवून बंद केली, त्यावरच बटणं टाकली आणि पट्टीच्या आत वेल्क्रो लावलं. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि त्यांना ते एका हाताने उघडता येतं. त्या दिवसापासून कंटाळा गेला तो गेलाच.

आता हेच माझं काम आहे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांची पॅंट मागून उंच आणि पुढून थोडी कमी बेतावी लागते, नाहीतर बसल्यावर मागून खाली येते आणि पोटाशी चुरगळते. मागचे खिसे काढूनच टाकायचे आणि जाड शिवण बसायच्या जागी येऊ द्यायची नाही, कारण सतत दाब पडून तिथे जखमा होतात. प्लास्टर असेल तर बाजूची शिवण उसवून तिथे लांब चेन. चुंबकाची बटणं फार सोयीची आहेत, पण आधी विचारायचं, की पेसमेकर आहे का? असेल तर छातीजवळ चुंबक अजिबात नाही.

नाटक मला अजूनही मिळालेलं नाही. पण माणसाला चारचौघांत नीट दिसायचं असतं आणि त्याची यातायात कुणाला कळू द्यायची नसते, हे कपडेपटाचंच काम आहे. ते मी करते आहे.

हिशेबनीस, आता पुस्तकबांधणी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझं स्वप्न छापखान्याचं होतं. लहानपणी सुट्टीत एका बांधणीवाल्याकडे तासन्‌तास बसायचो, तो दोरा मेणावर ओढायचा तो आवाज आवडायचा. पुढे आयुष्य आकडे लिहिण्यात गेलं. निवृत्तीच्या आधीच ठरवलं होतं की घरून हिशेब लिहून द्यायचे, कारण ते येत होतं. गिऱ्हाईकंही तयार होती. पण टेबलाशी बसलो की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पत्नीने विचारलं, ‘तुम्हाला पैसा हवाय की दिवस हवेत?’ त्या प्रश्नानं मला बांधणीकडे नेलं.

ज्यांना या वाटेनं यायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. ती कण्याला समांतर हवी. आडवी गेली तर पुस्तक नीट उघडत नाही आणि खळ लागल्यावर पानं लाटांसारखी होतात. ओळखायला सोपं आहे, कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूनं तो सहज वाकतो, तिथल्या घडीच्या रेषेला समांतर असते ती धार. दुसरी गोष्ट, जुन्या पुस्तकाला प्लास्टिकसारखा न सुटणारा गोंद लावू नये. पिठाची खळ पाण्यानं पुन्हा सोडवता येते, म्हणजे पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडून तुटतो. असं पुस्तक आलं की मी आधीच सांगतो, बांधणी होईल, पण पानं तरुण होणार नाहीत.

कमाई हिशेबाच्या कामापेक्षा कमीच आहे. जुजबंदी शिवणीला, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना शिवायला, वेळ लागतो आणि त्या वेळेचे पूर्ण पैसे द्यायला सगळे तयार नसतात. म्हणून थोडं हिशेबाचं काम अजून ठेवलं आहे. आता ते जड जात नाही, कारण ते कशासाठी करतो हे माहीत आहे.

चित्रं काढणारी

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण सगळे स्वप्नाकडे परत जा म्हणतील आणि कुणीतरी पुढचंही सांगायला हवं.

माझं स्वप्न हरवलं नव्हतंच. मी रोज चित्रं काढत होते. घरून त्याचाच उद्योग केला, ऑर्डरी आल्या, आणि वर्षभरात स्वतःसाठी कुंचला उचलणं बंद झालं. हे माझ्याच बाबतीत घडतंय असं वाटायचं. मग एक जुना प्रयोग वाचनात आला. 1973 साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर तो केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षीस कबूल केलेली मुलं चित्रांपाशी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली. ज्यांना ते अचानक मिळालं होतं त्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता, ‘बक्षिसासाठी काढायचं’ या ठरावात होता.

तेव्हापासून मी सोमवारची सकाळ विकत नाही. त्या वेळात काढलेलं चित्र कुणाला दाखवायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही. कितीही घाईची ऑर्डर असली तरी ती सकाळ माझी. पैसे देणाऱ्याला नाही म्हणताना अजूनही जीव वर-खाली होतो. पण बाकीचा आठवडा त्या सकाळीवर चालतो.

नाव नको

सगळ्यांचे अनुभव सुंदर आहेत. पण मला स्वप्नच आठवत नाही. घर, मुलं, आईबाबांची आजारपणं यात काय आवडायचं तेच गेलं. वाचून आनंद झाला आणि थोडं रडूही आलं. अशा माणसानं काय करावं?

शिवणकाम

अगं, स्वप्न शोधायला बसू नकोस, सापडत नाही. मला विचारशील तर हेवा कुणाचा वाटतो ते बघ. पैशाचा नाही, कामाचा. कुणाला एखादी गोष्ट करताना बघून ‘हे मी केलं असतं’ असं पोटात कळवळतं, तिथे काहीतरी आहे. दुसरं म्हणजे, लोक तुझ्याकडे न सांगता काय घेऊन येतात? पत्र लिहून मागतात, भांडण मिटवायला बोलावतात, कपाट लावून मागतात? तेही लिहून ठेव. आणि रडू आलं ना, म्हणजे काहीच गेलेलं नाही.

गणिताच्या शिकवण्या

मुलाला सतत लक्ष देणारं कुणीतरी हवं, म्हणून नोकरी सोडली. शिक्षक व्हायचं होतंच, घरच्यांनी नको म्हटल्यामुळे राहिलं होतं. त्यामुळे माझ्या बाबतीत स्वप्न आणि गरज एकाच वेळी दारात आली.

मला सांगायचं आहे ते स्वप्न बघण्याच्या पद्धतीबद्दल. सुरुवातीला मी रात्री पडल्या पडल्या भरलेला वर्ग बघायचो, फळा, मुलं, पालकांची गर्दी. फार बरं वाटायचं आणि सकाळी काहीच करावंसं वाटायचं नाही. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांचा 2002 सालचा अभ्यास याच विषयावर आहे. नुकतंच शिक्षण संपलेल्या तरुणांमध्ये, जे नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते आणि त्यांना पगारही कमी मिळत होता. ज्यांना नुसतं चित्र न रंगवता ‘जमेल’ अशी खात्री होती, त्यांचं बरं चाललं होतं. ओटिंगेन यांचा उपाय असा, की इच्छेचं चित्र डोळ्यांसमोर आणल्यावर लगेच तिच्या आड येणारी स्वतःच्या घरातली अडचण मांडायची आणि ती आली की काय करायचं तेही ठरवून ठेवायचं. ‘जर असं झालं तर मी तसं करीन’ या घाटाच्या ठरावावर पीटर गॉलविट्झर यांनी बरंच काम केलं आहे.

माझी अडचण उघड होती. संध्याकाळी वर्ग चालू असताना माझ्या मुलाला आजाराचा झटका आला तर? मी कागदावर लिहिलं : तसं झालं तर वर्गातल्या मोठ्या मुलांनी कपाटातली गणितांची पाकिटं काढून सोडवायची, लहानांनी जोडीत बसायचं, आणि शेजारच्या काकूंना फोन जायचा. पालकांना पहिल्याच भेटीत हे सांगून टाकलं. दोन-तीन पालक परत आले नाहीत. जे आले त्यांची मुलं इतकी समंजस निघाली, की परवा मी मुलाजवळ आत होतो तेव्हा सातवीतल्या मुलीनं उरलेल्यांना अपूर्णांकांची बेरीज समजावली, छेद का सारखे करायचे ते पट्ट्या कापून. मी दारातून पाहिलं आणि वर्गात गेलो नाही.

संगणकाचं काम

स्टेफनी शर्ली यांच्याबद्दल इथे लिहायलाच हवं. 1962 साली ब्रिटनमध्ये त्यांनी राहत्या घरातून प्रोग्रॅमिंगची कंपनी काढली आणि मुलं झाल्यावर नोकरी सोडावी लागलेल्या बायकांना घरून काम दिलं. बाईची सही पाहून कामाच्या पत्रांना उत्तर येईना, म्हणून नवऱ्याच्या सुचवण्यावरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. फोनवर बोलताना घरातले आवाज ऐकू जाऊ नयेत म्हणून मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावत. याच बायकांनी पुढे काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग केलं. नोकरीत वर जायची वाट अडली होती, म्हणून जिथे ती अडणार नाही अशी जागा उभी करायची, हे त्यांचं स्वप्न. त्यांनी कंपनीच्या मालकीतला वाटाही पुढे कर्मचाऱ्यांना दिला.

मी एकटीच काम करते, पण मूल मागे रडत असताना फोन घेताना ती टेप मला आठवते. मी आवाज लपवत नाही. ‘बाळ जवळ आहे, दहा मिनिटांनी करते’ असं सरळ सांगते. हे म्हणता येणं, हेच माझं स्वप्न होतं.

मातीकाम, बंद

घरी विजेची भट्टी घेतली होती. कच्ची भाजणी सुमारे 1000 अंश सेल्सिअस, झिलईची काही मातींना 1200 च्या वर. सगळं शिकलो, माल विकलाही जात होता. पण मी एकटा पडलो. मला माती आवडत होती ती शिकताना आजूबाजूला असलेल्या माणसांमुळे, हे काम बंद केल्यावर कळलं. आता एका सामायिक कार्यशाळेत आठवड्यातून काही दिवस जातो आणि नवशिक्यांना चाकावर माती मध्यावर आणायला शिकवतो. घरातला उद्योग प्रत्येकाच्या स्वप्नाला मानवेलच असं नाही. भट्टी घेण्याआधी भाड्याची वापरून बघा.

धागा काढणारी

दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अशा अनुभवासाठीच धागा काढला होता.

मला संवाद लिहायचे होते, नाटकाचे किंवा कशाचेही. उपशीर्षकांत ते सापडतील असं वाटलं नव्हतं. पण पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि बघणाऱ्याला वाचून पुन्हा चेहऱ्याकडे बघायला वेळ मिळायला हवा. भांडणाचं लांबलचक वाक्य त्या चौकटीत बसवताना त्यातला राग सांडू द्यायचा नाही, हे संवाद लिहिणंच आहे. हे उमगल्यावर मी दराबद्दलही ठाम झाले. आधी मिनिटामागे ठरलेला दर निमूट घेत होते. आता एका मिनिटाच्या चित्रफितीला खरंच किती वेळ जातो ते आठवडाभर घड्याळ लावून मोजलं, पत्रव्यवहार, दुरुस्त्या, वसुली यांचा वेळ त्यात धरला आणि मगच दर सांगितला. ‘घरीच तर असतेस’ म्हणणाऱ्या घरातल्यांनाही तोच कागद दाखवला.

नाव नको

शिवणकामवाल्या ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे यादी केली. लोक माझ्याकडे अर्ज आणि पत्रं लिहून घ्यायला येतात. इमारतीतले, नात्यातले, मुलांच्या मैत्रिणींचे पालकसुद्धा. आणि हेवा मला टपाल कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या पत्रलेखकाचा वाटायचा, हे काल रात्री आठवलं. लहान असताना मी त्याच्यासारखं बसून खेळायचे. आज शेजारच्या आजींचा अर्ज लिहिताना पहिल्यांदाच विचारलं, ‘याचे मी पैसे घेतले तर चालतील का?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, मी कधीची विचारणार होते.’ दर कसा ठरवायचा? ते घड्याळाचं कोष्टक कुणीतरी इथे टाका.