सर्ज टेस्टर: वाइंडिंगआधी लीड बघा
सर्ज टेस्टर (वाइंडिंगला हाय व्होल्टेजचे झटके देऊन स्क्रीनवरच्या लहरीवरून दोष दाखवणारं यंत्र) एकच मोटर कधी पास, कधी फेल दाखवतो म्हणून थेट रिवाइंडिंगला निघाला असाल तर जरा थांबा. आधी खात्रीची चांगली कॉइल लावून पाहा. तिथेही स्क्रीनवरची लहर थरथरली तर दोष टेस्टरकडचा. बहुतेक वेळा लीडमध्ये (टेस्टर मोटरला जोडायच्या तारेत) क्लिपजवळ, इन्सुलेशनच्या आत तारेचे पदर तुटलेले असतात, वरून काही कळत नाही. टेस्टर बंद करून लीड सुटी काढा, ओहममीटर लावा आणि थोडी थोडी वाकवत जा. आकडा उडाला की जागा सापडली. (हाय व्होल्टेज चालू असताना हा उद्योग अजिबात नको!) आणखी एक, रोटर (मोटरचा फिरणारा भाग) आत असेल तर त्याच्या स्थितीमुळेही तिन्ही फेजच्या लहरी जुळत नाहीत, तो बिघाड नव्हे. टेस्टर तापल्यावरच नाटकं करत असेल तर आतले रिले आणि सोल्डर तपासा.