‘देवाने ऐकलं नाही’ : इथे ‘ऐकणे’चा अर्थ नेमका कोणता?

कळव्याहून

मंडळी, एका साध्या क्रियापदापाशी अडले आहे. ‘ऐकणे’.

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये घरगुती प्रार्थना होती. चहाच्या वेळी एका बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, “अजून ऐकलं नाही का गं देवाने?” त्यांच्या मनात माया होती. माझे यजमान पावणेतीन वर्षं डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. किडनीसाठी यादीत नाव लावलेलं आहे. मी मान हलवली आणि कप उचलायला लागले, पण तो शब्द मनातून जाईना.

मराठीत हे क्रियापद दोन कामं करतं. ‘रेडिओ ऐकला’ म्हणजे आवाज कानात शिरला. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ म्हणताना पोराच्या कानांबद्दल तक्रार नसते, सांगितलं तसं ते वागत नाही एवढंच. ‘ऐकून घेतलं’ची छटा आणखी निराळी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे काम झालंच असं नाही.

‘देवाने ऐकलं नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ असतो : मागितलं ते मिळालं नाही. पण रात्री दोन वाजता, शेजारी माणूस पायात गोळे येऊन तळमळत असताना, तेच वाक्य मला पहिल्या अर्थाने टोचतं. आपला आवाज वर पोचतच नाही, असं वाटतं. ‘दिलं नाही’ हे मी सोसू शकते. ‘ऐकलंच नाही’ हे नाही सोसवत.

‘अनुत्तरित प्रार्थना’ हा शब्दही मला परका वाटतो. अनुत्तरित राहतं ते पत्र. जुन्या लोकांच्या तोंडी याला काही वेगळा शब्द होता का? बायबलच्या मूळ भाषांत काय आहे?

टेंभी नाक्याहून

ताई, मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल आहे, म्हणजे इथला मराठी बोलणारा ज्यू. तरी लिहितो, कारण हा शब्द आमच्या घरचा आहे.

आमची मुख्य प्रार्थना ‘शेमा’. ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, ग्रंथ गेले, हिब्रू विसरली, घाण्यावर तेल गाळता गाळता, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून, ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले, पण शेमा तेवढा तोंडात राहिला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इथलं, ठाण्यातलं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, 1879 चं. आजही तिथे तेच शब्द म्हटले जातात, आणि बाहेर पायऱ्यांवर गप्पा मराठीत होतात.

तुम्ही मराठीत दाखवलेले दोन्ही अर्थ हिब्रू ‘शामा’ या धातूत आहेत : कानाने ऐकणे आणि सांगितलेलं मानणे. पण शेमामध्ये ‘ऐक’ हे देवाने आपल्याला म्हटलेलं आहे.

आणखी एक. शिमोन हे नाव याच धातूचं. याकोबाची बायको लेआ नावडती होती. ‘परमेश्वराने ऐकलं’ म्हणून तिने मुलाचं नाव शिमोन ठेवलं. पुढचा लेवी झाला तेव्हा ती म्हणते, आता तरी नवरा माझ्याशी मिळून राहील. म्हणजे बघा, ‘ऐकलं’ असं नाव ठेवलं त्या दिवशीही तिची मूळ मागणी तशीच होती.

वाशीहून

दादांनी शिमोन आणलात, तर नव्या करारातला शिमोनही आठवा. लूकच्या दुसऱ्या अध्यायातला. नावातच ‘ऐकलं’, आणि हा माणूस मंदिरात इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहतोय. शेवटी बाळ येशू त्याच्या हातात येतो.

ताई, तुमचं खरं उत्तर मला इब्री लोकांस पत्रात दिसतं, 5:7. येशूने आक्रोश करत, आसवं गाळत प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली, असं तिथे लिहिलंय. कुणाची प्रार्थना? गेथशेमाने बागेत तीनदा ‘हा प्याला टळो’ म्हणणाऱ्याची. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस. तरी पत्रलेखक ‘ऐकली गेली’ असंच लिहितो. या एका वचनात ‘ऐकणे’ आणि ‘मागितलं ते देणे’ कायमचे वेगळे झालेत. महिला मंडळात हा भाग मी कितीदा घेतला असेल, पण तुमचा प्रश्न वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘उत्तर’ शब्दाबद्दल मात्र मी सहमत नाही. ‘प्रार्थनेचं उत्तर मिळालं’ हे आमच्या आजीच्याही तोंडी होतं, परकं कसं म्हणू? खोट आहे ती वापरात. साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, उभं राहणारा माणूस उत्तर मिळाल्यावरच उभा राहतो. वाट पाहत असलेल्याची साक्ष आपण ऐकायलाच बसत नाही. पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा 1921 मध्ये गेली, आईचं काम पुढे नेणारी लेक. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी त्या शोकातही सोडलं नाही. ही साक्ष कुणी सांगताना मी ऐकलेली नाही, आणि मला ती फार मोठी वाटते.

ऐरोलीहून

माझी थोडी भर. यशया 40:31 मध्ये ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’ असं आहे आणि स्तोत्र 27 च्या शेवटी ‘प्रतीक्षा कर’. मराठीत दोन शब्द, हिब्रूत धातू एकच, ‘कवाह’. त्याच्याशी जोडलेलं नाम ‘तिक्वा’, म्हणजे आशा. यरीहो शहरातल्या राहाबेने आपलं घर वाचावं म्हणून खिडकीला जी किरमिजी दोरी बांधली, तिथेही ‘तिक्वा’च आहे. मराठीतही धीर धरतात, दम धरतात, तग धरतात, आशा धरतात. सगळीकडे ‘धरणे’. हाताला काहीतरी लागल्याशिवाय धरणार कसं?

‘विश्वास कमी पडला म्हणून ऐकलं नाही’ असं कुणी तुम्हाला म्हणालं तर ऐकून घेऊ नका, ताई. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याची पीडा, दूर व्हावी म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच मिळालं, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

कळव्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. इब्री 5:7 काल यजमानांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

‘ऐकणे’चा एक वापर माझ्याच घरात होता, तो सांगायचा राहिला. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला केला आहे, शीर आणि धमनी जोडून. तो चालू आहे ना, हे रोज तपासायचं असतं. बोट ठेवलं की मधमाशी अडकल्यासारखी घरघर लागते, कान लावला की वाऱ्यासारखा सूं सूं आवाज येतो. रात्री पाण्याची शेवटची अर्धी वाटी देऊन झाली की मी त्यांच्या मनगटाला कान लावते. माझ्या ऐकण्याने त्यांना किडनी मिळत नाही. तरी एखाद्या रात्री मी विसरले तर ते स्वतःच हात पुढे करतात. म्हणतात, “ऐकलं नाहीस आज.”