मदत हवी आहे : काँक्रीटच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे काढल्यावर पुढे नेमके काय शिकावे?

धागाकर्ता :

नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर गेली दोन वर्षे मी तयार काँक्रीट पुरवणाऱ्या एका प्लांटच्या प्रयोगशाळेत काम करत आहे. ट्रक बाहेर पडण्यापूर्वी स्लंप घेणे (साचा उचलल्यावर ओले मिश्रण किती खाली बसते ते मोजणे), क्यूब म्हणजे चाचणीचे ठोकळे भरणे, दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत ठेवणे आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रावर फोडून आकडा वहीत लिहिणे, हे माझे रोजचे काम आहे. हात चांगला बसला आहे. अडचण अशी आहे की आकडा किती आला हे मी सांगू शकतो, तो तसा का आला हे मात्र मला सांगता येत नाही.

ही उणीव एका प्रसंगानंतर फार टोचू लागली. ३० मेगापास्कल (दाब सोसण्याच्या बळाचे एकक) दर्जाच्या काँक्रीटचे निकाल आमच्याकडे एरवी ३८ च्या आसपास येतात. काही महिन्यांपूर्वी मधूनच ३२-३३ चे निकाल दिसू लागले. प्रत्येक क्यूब ३० च्या वर असला तरी सलग निकालांची सरासरी तिच्यासाठी असलेल्या, ३० हून वरच्या निकषाच्या खाली गेली आणि ग्राहकाने बैठक बोलावली. साइटवर ट्रकमध्ये पाणी घातले असणार, असे प्लांटचे म्हणणे. मिश्रणातच खोट आहे, असे साइटचे म्हणणे. आणि शेवटी क्यूब भरणाऱ्याचा हात कच्चा असेल, असे म्हणून कोणीतरी तो विषय माझ्यापाशी आणून ठेवला. वही माझ्यासमोर उघडी होती, तिच्यातले सगळे स्लंप मर्यादेत होते, आणि तरीही मला एक वाक्य धड बोलता आले नाही.

आता मला पुढे शिकायचे आहे. संरचना अभियांत्रिकीला मान आहे असे काही जण सांगतात, बांधकाम व्यवस्थापनात लवकर वर जाता येते असे दुसरे सांगतात, आणि काँक्रीट तंत्रज्ञान हा विषय घेतलास तर आयुष्यभर क्यूबच फोडत बसशील, असा इशारा जवळपास सगळेच देतात. माझे गणित बेताचे आहे आणि रसायनशास्त्राची भीती वाटते. नोकरी लगेच सोडता येण्यासारखी नाही. या तिन्हींपैकी कोणती वाट धरावी, प्रवेश घेण्यापूर्वी कोणते विषय पक्के करावेत, आणि प्रयोगशाळेतील अनुभवाची पुढे खरोखर किंमत होते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ओळंबा :

शाखेचा प्रश्न थोडा बाजूला ठेवतो, कारण तुमच्या त्या प्रसंगात एक गोष्ट नजरेआड झाली आहे. तुम्ही क्यूब प्लांटवर, ट्रक निघण्यापूर्वी भरता. ३२-३३ चे निकाल याच क्यूबांचे असतील, तर साइटवर पाणी घातले की नाही, याचा त्यांच्याशी संबंधच उरत नाही. हे बैठकीत कोणाच्याही लक्षात येऊ नये, याचे मला आश्चर्य वाटते.

आता तीन गोष्टी करून पाहा. वहीतले निकाल तारखेऐवजी ट्रक भरल्याच्या वेळेनुसार मांडा. वाळूतील ओलावा दिवसातून किती वेळा आणि ढिगाच्या कोणत्या भागातून मोजला जातो, ते विचारा. आणि बॅचिंगच्या, म्हणजे घटक मोजून मिसळण्याच्या, छापील नोंदींमध्ये कमी निकालाच्या ट्रकांना पाणी कमी करणारे रसायन (कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारे) किती दिले गेले, ते इतर ट्रकांशी ताडून पाहा. काय सापडले ते येथे अवश्य लिहा. पुढे काय शिकावे याचा निम्मा उलगडा त्यातूनच होईल.

गुणनियंत्रक :

या क्षेत्राच्या गुणनियंत्रणात मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे गृहीत धरून वाचावे.

संरचना अभियंता काँक्रीटकडे मुख्यतः दिलेला आकडा म्हणून पाहतो. ३० मेगापास्कल मिळणार, असे धरून तो कॉलम आणि बीमची मापे ठरवतो, आणि त्याचे ते काम गणिताचे व मोठ्या जबाबदारीचे आहे. ते ३० प्रत्यक्षात मिळवून देणे हा निराळा व्यवसाय आहे. तुमचा प्रश्न ‘आकडा असा का आला’ हा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात तुम्हाला खरोखर रस असेल, तर काँक्रीट तंत्रज्ञान ही तुमची वाट आहे, असे मी स्पष्ट सांगेन. क्यूबच फोडत बसावे लागेल, ही भीती जे क्यूब फोडून थांबतात त्यांच्यापुरती खरी आहे. मिश्रणाची आखणी, रसायन कंपन्यांतील तांत्रिक सल्ला, प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेले भाग बनवणारे) कारखाने, जुन्या बांधकामांची तपासणी व दुरुस्ती, या सगळ्यांना सामग्री समजणारी माणसे लागतात. सिमेंटनिर्मितीतून जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के वायू बाहेर पडतो आणि त्यातला मोठा भाग इंधनातून नव्हे, तर भट्टीत चुनखडीचे विघटन होताना निघतो. म्हणूनच लोखंडाच्या भट्टीतील स्लॅग (मळी), फ्लाय ॲश (कोळशाची राख) आणि भाजलेली चिकणमाती वापरून सिमेंटचे प्रमाण कमी करण्याचे काम सर्वत्र सुरू आहे, आणि या नव्या मिश्रणांची वागणूक ओळखणाऱ्यांची गरज वाढत जाणार आहे.

गणिताविषयी. तुम्हाला सर्वांत आधी लागेल ते संख्याशास्त्र, आणि अभ्यासक्रमात नेमकी त्याचीच हेळसांड होते. ३० दर्जाच्या काँक्रीटसाठी तुमच्या प्लांटचे सरासरी लक्ष्य ३८ का आहे, हे तुम्ही कधी विचारले आहे का? निकाल नेहमीच थोडे वरखाली होतात, म्हणून शंभरात पाचांहून अधिक निकाल ३० च्या खाली जाऊ नयेत, अशा बेताने लक्ष्य वर ठेवावे लागते. प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप, ५ असेल, तर ते १.६५ ने (शंभरात पाच या मर्यादेचा गुणक) गुणून ३० मध्ये मिळवले की ३८.२५ येते. तेच विचलन ३ वर आणता आले, तर ३५ पुरेसे होते. ही तफावत सिमेंटच्या रूपाने प्रत्येक घनमीटरमध्ये ओतली जाते. विचलन कमी करू शकणारा माणूस कोणत्याही प्लांटला हवा असतो, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल, म्हणजे दोन वर्षांचे निकाल, आज तुमच्या वहीत पडून आहे. प्रवेशाची वाट न पाहता हे निकाल संगणकावर चढवून त्यांचे आलेख काढायला लागा.

रसायनशास्त्राला घाबरण्याचे कारण नाही. सुरुवातीला चार संयुगे पुरतात : लवकर बळ देणारे ट्रायकॅल्शियम सिलिकेट, सावकाश बळ देणारे डायकॅल्शियम सिलिकेट, पाणी लागताच झपाट्याने क्रिया करणारे ॲल्युमिनेट (त्याला आवरण्यासाठीच सिमेंटमध्ये जिप्सम दळतात) आणि रंगाला कारणीभूत असलेले फेराइट. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आकड्यांमधले अंतर निरनिराळ्या सिमेंटमध्ये निराळे का येते, ते यांच्या प्रमाणावरून बरेचसे कळते.

शटरिंग :

मी बांधकाम व्यवस्थापन शिकले आणि साइटवर काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. या शाखेत लवकर वर जाता येते, हे अर्धेच खरे आहे. वेळापत्रक, करार, मोजमापे आणि माणसे सांभाळण्याचे शिक्षण येथे मिळते, परंतु सामग्रीचे ज्ञान नसलेला व्यवस्थापक पहिल्याच मोठ्या ओतकामाला उघडा पडतो. काँक्रीट साठवून ठेवता येत नाही. अनेक ठिकाणी मिश्रणात पाणी पडल्यापासून ९० मिनिटांत ते ओतून संपवण्याची मर्यादा रूढ आहे, त्यामुळे पंप बंद पडला की करारातले कलम आधी आठवावे की रांगेतले ट्रक परत पाठवावेत, हा निर्णय उभ्याउभ्या घ्यावा लागतो. थंडीत सेटिंग (काँक्रीट घट्ट होणे) लांबते, त्यामुळे उंच भिंतीच्या शटरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्यावर, ओल्या काँक्रीटचा दाब अधिक वेळ आणि अधिक उंचीपर्यंत राहतो, आणि उन्हाळ्यात चालून गेलेला ओतण्याचा वेग तेव्हा शटरिंग फोडू शकतो. हे मला वर्गात कोणी शिकवले नव्हते. एका जुन्या सुताराकडून कळले.

माझा सल्ला असा की पुढील शिक्षणापूर्वी, शक्य असल्यास, सहा महिने तरी साइटवर बदली मागून घ्यावी. तुमचा क्यूब तीन थरांत नीट ठोकून भरलेला आणि पाण्यात ठेवलेला असतो. स्लॅबमधल्या काँक्रीटच्या वाट्याला व्हायब्रेटर (हलवून काँक्रीट दाबून बसवणारे यंत्र) पुरेसा येतोच असे नाही, आणि क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) तर बहुधा तिसऱ्या दिवशी विसरले जाते. त्या दोन काँक्रीटमधला फरक डोळ्यांनी पाहिल्यावर तुमचा कल कोणीकडे आहे, हे तुम्हाला अधिक नेमके कळेल. आणि हातमोजे वापरा, एवढे जाता जाता सांगते. ओले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्वचा भाजते आहे, हे उशिरा लक्षात येते.

धागाकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा यांनी सुचवलेल्या तिन्ही गोष्टी मागील दहा दिवसांत केल्या आणि जे आढळले ते पाहून मी थक्क झालो.

कमी निकालांपैकी बहुतेक सर्व सकाळच्या पहिल्या तीन ट्रकांचे होते. वाळूचा ओलावा आमच्याकडे आदल्या दिवशी दुपारी, ढिगाच्या वरच्या भागातून मोजला जातो आणि तोच आकडा सकाळी वापरला जातो. मी एका सकाळी लोडर जेथून वाळू उचलतो त्या पायथ्यापासून नमुना घेऊन वाळवला, तर नोंदीत ३ टक्के असलेला वाळूच्या कणांच्या पृष्ठभागावरचा ओलावा प्रत्यक्षात ६ टक्के भरला. रात्रभर पाणी निथळून खाली उतरत असणार. आमच्या मिश्रणात घनमीटरला ३५० किलो सिमेंट, १७५ लिटर पाणी आणि ७५० किलो वाळू असते. ३ टक्क्यांच्या फरकाने सुमारे २२ लिटर पाणी हिशेबाबाहेर आत जात होते, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० ऐवजी ०.५६ होत होते.

मग स्लंप मर्यादेत कसा राहिला, हे कोडे बॅचिंगच्या नोंदींनी सोडवले. मिश्रण पातळ दिसते म्हणून ऑपरेटर त्या ट्रकांना रसायन कमी देत असे. त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु त्यामुळे जादा पाणी माझ्या स्लंपपासून लपून राहिले.

आता एकच शंका उरते. हे सगळे पदविकेत शिकलेल्या त्रैराशिकाने सुटले. तर मग पुढील शिक्षणात मी यापेक्षा वेगळे काय शिकेन?

ओळंबा :

स्लंपवरून पाण्याचा अंदाज बांधणारे अनुभवी लोकही येथेच फसतात, त्यामुळे ऑपरेटरवर फार राग धरू नये. रसायने सर्रास वापरात येण्यापूर्वी तो अंदाज पुष्कळसा चालत असे.

तुमच्या शंकेविषयी. गुणोत्तर वाढले की बळ कमी होते, हा नियम डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडला, आणि तुम्ही त्याचाच हिशेब केलात. पण बळ का कमी होते? सिमेंटच्या रासायनिक क्रियेत त्याच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी बांधले जाते. बरेचसे उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रे मागे ठेवते. तीच छिद्रे पुढे क्लोराइड आणि कार्बन डायऑक्साइड यांना सळईपर्यंत जाण्याची वाट देतात. त्यामुळे तुमच्या त्या ०.५६ च्या ट्रकांमधला खरा प्रश्न अठ्ठाविसाव्या दिवशी संपत नाही. ते काँक्रीट समुद्राकाठच्या खांबात गेले असेल आणि घरातल्या भिंतीत गेले असेल, तर त्याचे आयुष्य सारखे नसते. किती फरक पडेल, हे त्रैराशिकाने सांगता येत नाही. त्यासाठी छिद्ररचना, विसरण (असे पदार्थ काँक्रीटमध्ये हळूहळू पसरत जाणे), गंज आणि टिकाऊपणाच्या चाचण्या शिकाव्या लागतात, आणि ते पदव्युत्तर पातळीवरच नीट शिकवले जाते. पदव्युत्तर प्रवेशाला पदवी लागते, म्हणून नोकरी सांभाळून आधी स्थापत्य अभियांत्रिकीची अर्धवेळ पदवी घ्यावी, त्यातील संरचनेचे विषय टाळू नयेत, आणि काँक्रीट सामग्रीतील विशेष शिक्षण त्यानंतर घ्यावे, असे मला वाटते.

गुणनियंत्रक :

सहमत आहे. पदवीला वेळ लागणार आहे, तोपर्यंत क्षेत्रचाचणीचे एखादे प्रमाणपत्र घेऊन ठेवा. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षेबरोबर चाचण्या परीक्षकासमोर करून दाखवाव्या लागतात. तुमचा हात बसलेला असल्यामुळे ते अवघड जाऊ नये, आणि पुढच्या बैठकीत ‘क्यूब भरणाऱ्याचा हात कच्चा’ असे म्हणणे कोणालाही जड जाईल. मात्र तेथे बहुतांशी सिलिंडर असतात, क्यूब नव्हे. त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्केच बळ दाखवतो, हे आकडे वाचताना ध्यानात असू द्यावे.

आणि वाळूचे निष्कर्ष तोंडी सांगू नका. वेळेनुसार मांडलेले निकाल, दोन्ही ठिकाणच्या ओलाव्याचे आकडे आणि रसायनाच्या नोंदी एका पानावर घेऊन व्यवस्थापकांना लेखी द्या. मात्र त्यापूर्वी आणखी चार-पाच सकाळी पायथ्याचा नमुना तपासा, कारण एका दिवसाच्या वाचनावर कोणीही पहिला आक्षेप घेईल. प्रवेशाच्या मुलाखतीत अनुभवाविषयी विचारले गेले, तर तेच पान पुढे ठेवावे.

धागाकर्ता :

उद्या सकाळपासून सहा वाजता, पहिला ट्रक भरण्यापूर्वी नमुने घेतो. ऑपरेटरही सोबत थांबायला तयार झाले आहेत. आठवड्याने आकडे येथे देईन.