तोंडी आदेश मंत्र्याचा, मान अडकते अधिकाऱ्याची

निवृत्त अव्वल कारकून, मिरज
काल सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर वाद पेटला: कलेक्टर पालकमंत्र्यांचं ऐकत नाहीत, ही तक्रार म्हणायची की कौतुक? माझ्या मते ऐकावं, पण कागदावर. अखिल भारतीय सेवांच्या (म्हणजे आयएएस, आयपीएस वगैरे) 1968 च्या वर्तणूक नियमांतच आहे, वरिष्ठाचा तोंडी आदेश लेखी करून घ्या. 2013 साली माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही तोंडी हुकमावर चालू नका असं बजावलं. आमचे एक साहेब होते. वरून फोन आला की रिसीव्हर कानाला असतानाच टिपणीवर लिहायचे, 'दूरध्वनीवरील सूचनेनुसार', आणि खाली वेळ. पलीकडच्याला हे कळल्यावर निम्मे फोन बंदच झाले.

वाळव्याचा गडी
काका, 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा बोटीसाठी लेखी आदेश मागत बसायचं का? आणि 'चर्चा करावी' एवढा शेरा मारून फाईल तीन-तीन महिने झोपवतं कोण? मंत्र्याला पाच वर्षांनी दारात यावं लागतं. साहेब काय, बदली झाली की गेले.

निवृत्त अव्वल कारकून, मिरज
बोट आधीच पाठवायची रे. नियमही 'लवकरात लवकर' लेखी घ्या म्हणतो, आधीच घ्या म्हणत नाही. 'चर्चा करावी'चं मात्र खरंय. तसल्या फायली मीही वर-खाली केल्यात.

तासगावची सून
लेखी मागणाऱ्याचं पुढं काय होतं, तेही सांगा की. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात साधारण तीन वर्षं एका जागी म्हटलंय. पण कारण नोंदवून, वरची मंजुरी घेऊन मुदतीआधी हलवता येतं. आमच्या ह्यांनी एकदाच लेखी मागितलं. पोरगी दहावीला, आणि फेब्रुवारीत ऑर्डर हातात. कारण? 'प्रशासकीय निकड'. मंत्र्यांचं नाव कुठंच नाही, सही खात्यातल्याच एका साहेबाची!

वाळव्याचा गडी
ताई, हे वाईटच झालं. तरीपण जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष नि कलेक्टर सदस्य-सचिव. ह्या दोघांनी तोंडं फिरवली तर आमची पाणंद कोण करणार? गेल्या गळिताला उसाची ट्रॉली चिखलात रुतली, दोन ट्रॅक्टर लावून ओढली.

निवृत्त अव्वल कारकून, मिरज
पाणंदीचा अर्ज दिलास? पोच घेतलीस?

वाळव्याचा गडी
अर्ज नाही… आमदारांच्या कानावर घातलंय.